स्वतःची नोट नसलेला देश

टोगोचं नाव काढलं की ऐकणारा आधी नकाशा मागतो. घाना आणि बेनिन यांच्यामध्ये उभ्या पट्टीसारखा पसरलेला हा देश मराठवाड्याहूनही थोडा लहान आहे. २०२२ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ८१ लाख भरली. समुद्रकिनारा जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा. राजधानी लोमे या किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला आहे, इतकी टोकाला की शहर संपतं तिथेच घानाची हद्द लागते.

देश सापडला की दुसरा प्रश्न हमखास येतो. एवढ्याशा देशाची स्वतःची नोट नाही, नोटा छापायचा अधिकार नाही, व्याजदर ठरवणारी बँकही दुसऱ्या देशात. मग तिथल्या बँका कोणाच्या, आणि लोकांच्या पैशाचं होतं तरी काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे प्रकरण. सुरुवात नोटेपासूनच करू.

१. नोटेवरचं एक अक्षर

लोमेत भाजीवाल्या बाईच्या हातात जी नोट असते तिला सीएफए फ्रँक म्हणतात. ढोबळमानाने सहा-सात फ्रँक म्हणजे आपला एक रुपया. नोटेवर करवती मासा दिसतो. सोनं तोलायच्या जुन्या पितळी वजनांवर असायचा तोच हा आकार, आणि मध्यवर्ती बँकेचं बोधचिन्हही तोच. पण खरी मजा नोटेच्या क्रमांकापाशी आहे. तिथे एक रोमन अक्षर असतं. टोगोसाठी ‘टी’, सेनेगलसाठी ‘के’, आयव्हरी कोस्टसाठी ‘ए’, नायजरसाठी ‘एच’. नोट कोणत्या देशाच्या नावावर बाहेर पडली एवढंच ते अक्षर सांगतं. व्यवहारात त्याला काही किंमत नाही. ‘के’ची नोट लोमेत चालते, ‘टी’ची नोट सेनेगलमध्ये चालते. भाजीवाली त्या अक्षराकडे पाहतही नाही.

ही नोट आठ देशांची आहे: बेनिन, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ, माली, नायजर, सेनेगल आणि टोगो. त्यांची मध्यवर्ती बँक एकच, तिचं मुख्यालय सेनेगलमध्ये डाकारला. आठही देशांतल्या बँकांवर देखरेख ठेवणारा बँकिंग आयोग आयव्हरी कोस्टमध्ये आबिजानला. नोटा छापल्या जातात फ्रान्समध्ये. टोगोचं सरकार कितीही अडचणीत आलं तरी ‘जरा जास्त नोटा छापा’ असा हुकूम सोडू शकत नाही, कारण हुकूम ऐकणारा छापखानाच त्याच्याकडे नाही.

हे बंधन आहे आणि संरक्षणही. संरक्षण कसं, ते लोमेच्या वेशीवरच कळतं. पलीकडे घानात स्वतःची मध्यवर्ती बँक आणि स्वतःचं चलन, सेडी. डिसेंबर २०२२ मध्ये घानातली वार्षिक महागाई ५४ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी टोगोतली सरासरी महागाई दहा टक्क्यांच्या आत होती. एकच किनारा, एकाच भाषेचे लोक दोन्ही बाजूंना, पण एका बाजूची बचत वर्षभरात वितळली आणि दुसऱ्या बाजूची बऱ्यापैकी टिकली. सीएफए फ्रँकवर टीका करणाऱ्यांनी, आणि टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, ही गोष्ट नजरेआड करू नये.

२. ६५५.९५७ हा आकडा आला कुठून?

एक युरो म्हणजे ६५५.९५७ सीएफए फ्रँक. हा भाव रोज बदलत नाही. १९९९ मध्ये युरो आला तेव्हापासून तोच आहे. लोमेचा व्यापारी युरोपातून १०,००० युरोंचा माल आणतो तेव्हा त्याला ६५,५९,५७० फ्रँक मोजावे लागतात. गेल्या वर्षी तेवढेच, पुढच्या वर्षीही तेवढेच, निदान असं गृहीत धरून तो चालतो. एका चलनाचा भाव दुसऱ्याला असा बांधून ठेवण्याला चलन जखडणं म्हणता येईल.

पण दशांशानंतर तीन अंक असलेला हा विचित्र आकडा कोणी ठरवला? कोणीच बसून ठरवला नाही. सीएफए फ्रँक जन्मला डिसेंबर १९४५ मध्ये, फ्रान्सच्या वसाहतींसाठी. १९४८ पासून एका सीएफए फ्रँकला दोन फ्रेंच फ्रँक मिळत. १९६० मध्ये फ्रान्सने आपल्या चलनातली दोन शून्यं पुसली, तेव्हा हिशेब उलटला: एका नव्या फ्रेंच फ्रँकला पन्नास सीएफए. १९९४ मध्ये तो शंभर झाला. मग युरो आला आणि एका युरोला ६.५५९५७ फ्रेंच फ्रँक असा भाव ठरला. त्याला शंभराने गुणा, आकडा मिळतो. आठ आफ्रिकी देशांच्या पैशाची किंमत म्हणजे फ्रान्सच्या चलनाच्या इतिहासातली एक बेरीज-वजाबाकी आहे.

चलन जखडून ठेवायचं तर कोणीतरी हमी घ्यावी लागते. मध्यवर्ती बँकेची स्वतःची गंगाजळी आटली तरी ठरलेल्या भावाने तिला युरो मिळतील, ही हमी फ्रान्सच्या खजिन्याने घेतली. बदल्यात आठ देशांनी आपल्या परकीय गंगाजळीचा मोठा भाग, अलीकडच्या काळात निम्मा, पॅरिसच्या खजिन्यात ठेवायचा, आणि मध्यवर्ती बँकेच्या कारभारात फ्रान्सचे प्रतिनिधी बसणार. स्वतंत्र देशांना ही अट बोचणार नाही तर काय! डिसेंबर २०१९ मध्ये आबिजानला आयव्हरी कोस्ट आणि फ्रान्सच्या अध्यक्षांनी सुधारणा जाहीर केली. गंगाजळी ठेवण्याची सक्ती गेली, फ्रेंच प्रतिनिधी उठले. हमी राहिली, भावही तोच राहिला.

टोगोने वेगळी वाट धरायचा प्रयत्न कधी केलाच नाही असं नाही. पहिले अध्यक्ष सिल्व्हानुस ओलिम्पिओ लंडनला अर्थशास्त्र शिकलेले, मोठ्या व्यापारी कंपनीत वरच्या पदावर काम केलेले गृहस्थ. स्वतंत्र टोगोची स्वतःची मध्यवर्ती बँक आणि स्वतःचा फ्रँक असावा अशी त्यांची तयारी चालली होती. १३ जानेवारी १९६३ च्या पहाटे लोमेत अमेरिकन वकिलातीच्या फाटकापाशी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कट करणारे फ्रेंच सैन्यातून परतलेले जवान होते आणि त्यांना टोगोच्या सैन्यात नोकरी हवी होती; तात्कालिक कारण ते. चलनाच्या योजनेशी या खुनाचा धागा जोडणारे टोगोत पुष्कळ आहेत. पुराव्याने सांगता येतं ते एवढंच की योजना त्यांच्याबरोबर संपली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टोगो सामाईक चलनाच्या संघात दाखल झाला.

३. जानेवारी १९९४

जखडलेल्या चलनाचा भाव एकदम पाडला की काय होतं, हे शिकायचं तर पुस्तकापेक्षा लोमेचा मोठा बाजार बरा. जर्मन काळातल्या कॅथेड्रलच्या शेजारी हा बाजार भरतो. पूर्वी तिथे तीन मजली इमारत होती आणि तिच्यावर राज्य होतं कापडवाल्या बायकांचं. हॉलंडहून येणारं मेणछपाईचं रंगीत कापड त्या ठोक घेत. कोणती नक्षी आपल्या लोकांना आवडेल हे कापडाच्या डच कंपनीला त्याच सांगत, एखाद्या नक्षीचा एकाधिकार मिळवत, आणि तिला असं काही नाव देत की बायका नावावरच कापड मागत. नायजेरियापासून आयव्हरी कोस्टपर्यंतचे व्यापारी लोमेत येऊन त्यांच्याकडून माल उचलत. त्यांतल्या बहुतेकींचं शालेय शिक्षण फारसं नव्हतं. पैसा इतका झाला की त्या मर्सिडीझ बेंझमधून फिरू लागल्या आणि लोक त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणू लागले. परदेशी पाहुणे आले की सरकार त्यांच्याकडून गाड्या उसन्या घेई, असं टोगोत आजही सांगतात.

ही भरभराट सामाईक चलनावरच उभी होती. नायजेरिया आणि घाना यांनी आयातीवर बंधनं घातलेली, त्यांची चलनं घसरती. लोमेत मात्र बंदर उघडं, जकात कमी, आणि फ्रँक असा की कुठेही बदलून मिळे. डच कंपनीला पैसे वेळेवर पोचत.

१९८० च्या दशकात कापूस, कोको, फॉस्फेट यांचे जागतिक भाव पडले. सीएफए देशांची निर्यात महाग ठरू लागली, तिजोऱ्या रिकाम्या होत गेल्या. दुसरा एखादा देश असता तर त्याचं चलन हळूहळू खाली आलं असतं. इथे भाव जखडलेला, त्यामुळे ताण साचत राहिला. टोगोत त्यातच १९९२-९३ ची राजकीय उलथापालथ आणि नऊ-दहा महिन्यांचा संप. अखेर ११ जानेवारी १९९४ ला डाकारमध्ये निर्णय जाहीर झाला: फ्रेंच फ्रँकचा भाव पन्नासवरून शंभर सीएफए. एका रात्रीत चलनाची किंमत निम्मी.

हिशेब मांडू. शंभर फ्रेंच फ्रँकचं कापड आदल्या दिवशी ५,००० सीएफएला पडत होतं, दुसऱ्या दिवशी १०,००० ला. गिऱ्हाइकाची मिळकत मात्र होती तेवढीच. उधारीवर माल उचललेल्या बाईचं परदेशी देणं तर एका रात्रीत दुप्पट. दुसऱ्या बाजूला कापूस पिकवणाऱ्याला निर्यातीचे जास्त फ्रँक मिळू लागले. तेव्हा अवमूल्यनाने देशाचं भलं झालं की वाईट, हा प्रश्न असाच विचारून चालत नाही. विकणारा कोण, विकत घेणारा कोण, कर्ज कोणत्या चलनात, हे आधी पाहावं लागतं. मोठ्या बाजारातल्या बायकांचा धंदा त्यानंतर पूर्वीसारखा कधीच झाला नाही. पुढे स्वस्त चिनी कापड आलं. जानेवारी २०१३ मध्ये आगीत ती तीन मजली इमारतही भस्मसात झाली.

टोगोच्या निर्यातीशी आपलाही थोडा संबंध आहे. तिथलं खनिज फॉस्फेट भारतातल्या खत कारखान्यांकडे येतं. चंदगड, सिंधुदुर्ग आणि गोव्यातले काजू कारखाने हंगामानंतर आफ्रिकेतून आणलेल्या काजूबियांवर चालतात. टोगो-बेनिन पट्ट्यातला मालही त्यात असतो. त्या बीची किंमत वसूल होऊन शेतकऱ्याच्या हाती पडते ती हीच करवती माशाची नोट.

४. लोमेत मुख्यालयं कशी आली?

आता बँकांकडे वळू. टोगोएवढ्या देशात बँकांची मुख्यालयं किती असावीत? आफ्रिकेतल्या मोठ्या बँकसमूहांपैकी एक, इकोबँक, लोमेतून चालते. आठ देशांची विकास बँक १९७३ पासून लोमेत आहे. ओरा समूहाचं मुख्यालयही इथेच.

इकोबँकेची कथा सांगण्यासारखी आहे. १९८० च्या आसपास पश्चिम आफ्रिकेत बहुतेक बँका दोनच प्रकारच्या होत्या, एक तर परदेशी, नाही तर सरकारी. लोमेहून शेजारच्या घानाच्या राजधानीत, आक्राला, पैसे पाठवायचे तर ते बहुधा पॅरिस आणि लंडन फिरून जात. आपल्या व्यापाऱ्यांसाठी आपल्याच भांडवलाची खासगी बँक हवी, असा आग्रह या भागातल्या व्यापारी मंडळांनी धरला. टोगोचे जेर्व्हे कोफी जोन्डो आणि नायजेरियाचे आदेयेमी लॉसन या दोघांनी तो धसास लावला. एक फ्रेंच भाषिक, एक इंग्रजी भाषिक. त्या काळी अशी जोडी जमणं सोपं नव्हतं. १९८५ मध्ये कंपनी स्थापन झाली, टोगोने तिला खास कायदेशीर दर्जा दिला, आणि १९८८ मध्ये लोमेत पहिली बँक सुरू झाली. आज तिचा कारभार तीसहून अधिक आफ्रिकी देशांत आहे. छोट्या देशाने मोठ्या शेजाऱ्यांमध्ये तटस्थ जागा देऊ करावी आणि त्यातून स्वतःचं स्थान तयार करावं, हे टोगोने जाणीवपूर्वक साधलं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

सरकारी बँकांबद्दल इतकं चांगलं सांगता येत नाही. १९७४ मध्ये फॉस्फेटचे भाव उसळले, त्याच वर्षी सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. पैसा येईल या भरवशावर कर्ज काढून कारखाने उभे राहिले. भाव पडले, कारखाने चालेनात, आणि सरकारी कंपन्यांना दिलेली कर्जं सरकारी बँकांच्याच वह्यांत बुडीत म्हणून साचली. ती निस्तरायला दशकं गेली. २०१३ च्या सुमारास एक बँक मोरोक्कोच्या समूहाकडे गेली, दुसरी ओराकडे. २०२१ मध्ये तिसरी बुर्किना फासोच्या एका उद्योगसमूहाने घेतली.

परवाना मात्र आता आठ देशांत मिळून एकच. एका देशात मंजुरी मिळालेली बँक इतर सात देशांत शाखा काढू शकते. बँकेचं किमान भांडवल १० अब्ज फ्रँकवरून २० अब्जांवर नेण्याचा निर्णय २०२३ च्या अखेरीस झाला. २० अब्ज फ्रँक म्हणजे सुमारे ३ कोटी ५ लाख युरो. जागतिक मापाने ही रक्कम लहान आहे, पण टोगोपुरती चालणारी छोटी बँक काढणं त्यामुळे आणखी अवघड झालं.

५. रोज येणारा माणूस

आतापर्यंतचं सगळं वरच्या मजल्यावरचं. लोमेतल्या शिंपिणीला, टोमॅटो विकणारीला, मोटारसायकलवर सवाऱ्या वाहणाऱ्या झेमिजानवाल्याला यातलं किती दिसतं? त्यांची बँक वेगळी आहे. ती रोज सकाळी चालत येते.

तिला टोंटीन म्हणतात. तिचा एक प्रकार म्हणजे सरळ भिशीच: दहा-बाराजणी दर आठवड्याला ठरावीक रक्कम जमा करतात, आणि दर वेळी सगळी रक्कम एकीला मिळते. दुसरा प्रकार आपल्या पिग्मीसारखा. वसुली करणारा माणूस टपरीपाशी येतो. बाईकडे एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं, त्यावर एकतीस चौकोन. ती रोजचे ५०० फ्रँक देते, तो एका चौकोनात सही किंवा शिक्का मारतो. एकतीस चौकोन भरले की हिशेब होतो.

हिशेब असा: ५०० गुणिले ३१ म्हणजे १५,५००. तिला परत मिळतात १५,०००. एका दिवसाचे ५०० वसुलीवाल्याचे. इथे पिग्मीशी साम्य संपतं. आपल्याकडे पिग्मी एजंटचं कमिशन बँक किंवा पतसंस्था देते आणि ठेवीदाराला थोडं का होईना व्याज मिळतं. लोमेत ठेवीदारच पैसे मोजते. किती? साडेपंधरा हजारांवर पाचशे, म्हणजे तीन टक्क्यांच्या वर. पण हे तिचे सगळे पैसे महिनाभर त्याच्याकडे नव्हते. पहिल्या दिवशी ५०० होते, शेवटच्या दिवशी १५,५००, सरासरी ८,०००. ८,००० वर ५०० म्हणजे महिन्याला सहा टक्क्यांहून जास्त, आणि तेही साठवलेल्या पैशावर, कर्जावर नव्हे!

मग ती हे का करते? तिला हिशेब येत नाही म्हणून नाही. तिच्याइतका काटेकोर हिशेब क्वचितच कोणी ठेवत असेल. बँकेत जायचं तर अर्ध्या दिवसाची विक्री बुडते, शिवाय जायला-यायला भाडं. बँकेला ५०० फ्रँकची रोजची भरणा पावती नको असते. घरात पैसा ठेवावा तर दिराची फी, शेजारणीचं औषध, नवऱ्याची नड, कोणाकोणाला नाही म्हणणार? ‘पैसे टोंटीनवाल्याकडे आहेत’ हे उत्तर सगळे मान्य करतात. महिन्याच्या शेवटी हातात एकरकमी १५,००० येतात, त्यांतून टोमॅटोची अख्खी पाटी ठोक भावाने मिळते. आणि महिना भरायच्या आत गरज पडली तर ओळखीचा वसुलीवाला उचलही देतो. हे सगळं ५०० फ्रँकला पडत असेल तर तिच्या दृष्टीने ती किंमत वाजवी आहे.

धोका एकच, पण जिवावरचा: माणूस पळाला तर? कार्ड घेऊन जायचं कोणाकडे? म्हणूनच टोगोत बचत-पतपुरवठा सहकारी संस्थांचं जाळं महत्त्वाचं ठरलं. फ्युसेक-टोगो ही त्यांची मोठी शिखर संस्था. अशा संस्थांनी टोंटीनची दारावर येण्याची पद्धत उचलली, वसुली करणारा पगारी नेमला आणि मागे संस्थेची वही ठेवली. बाजारातल्या बायकांनी जे आधीच शोधून काढलं होतं त्याला कायद्याचं छप्पर दिलं. मला वाटतं, बँकिंग तळापर्यंत पोचवण्याची टोगोतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

६. पैसा फोनमध्ये

२०१० नंतर या चित्रात मोबाइल कंपन्या शिरल्या. टी-मनी आणि फ्लूझ ही तेव्हाची टोगोतली दोन नावं. कोपऱ्यावरच्या छत्रीखाली बसलेल्या एजंटाला नोटा द्यायच्या, तेवढी रक्कम तुमच्या फोनच्या खात्यात येते. साध्या बटणांच्या फोनवरही चालतं. इथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. मोबाइल कंपनी तुमचे पैसे कर्जाऊ देऊ शकत नाही. जितका पैसा फोनच्या खात्यांत आहे तितका तिने बँकेत ठेवलाच पाहिजे, असा मध्यवर्ती बँकेचा नियम. म्हणजे फोनमधला पैसा सुरक्षित असतो, पण मोबाइल कंपनी बँक नसते. ती पैसा फक्त ठेवते आणि पोचवते.

पोचवणं किती मोलाचं, ते एप्रिल २०२० मध्ये दिसलं. कोरोनामुळे संचारबंदी लागली, रोजंदारीवरचे लाखो लोक घरी बसले. ८ एप्रिलला सरकारने ‘नोव्हिसी’ योजना सुरू केली. फोनवरून एक छोटा कोड फिरवायचा, मतदार ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा. फेब्रुवारीतल्या निवडणुकीसाठी मतदारयादी नुकतीच ताजी केलेली होती आणि त्यात प्रत्येकाचा व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाण नोंदलेलं होतं. यादीशी माहिती जुळली की पैसे फोनमध्ये. बायकांना महिन्याला १२,२५० फ्रँक, पुरुषांना १०,५००, दोन हप्त्यांत. हे आकडे ३५,००० फ्रँकच्या तेव्हाच्या किमान वेतनाच्या ३५ आणि ३० टक्के. घर बाई चालवते, म्हणून तिला जास्त. हा विचार सरकारने उघडपणे केला. थोड्याच दिवसांत काही लाख लोकांना पैसे मिळाले. रांग नाही, अर्ज नाही, मध्ये कोणाचा हात नाही.

पुढच्या टप्प्यात उपग्रहाची छायाचित्रं आणि फोन वापरण्याच्या सवयी यांवरून सर्वांत गरीब गावं आणि माणसं हुडकण्यात आली. अमेरिकेतल्या संशोधकांनी त्यात मदत केली, आणि त्या कामाची जगभर चर्चा झाली. पण ज्याच्याकडे फोन नाही किंवा मतदारपत्र नाही तो या योजनेत दिसतच नव्हता, आणि सर्वांत गरीब माणूस बहुधा तोच. कौतुक करताना ही बाजू सोडता येत नाही.

७. बचत जाते कुठे?

बँकेचं काम दोन हातांनी चालतं: एका हाताने ठेव घ्यायची, दुसऱ्याने कर्ज द्यायचं. टोगोत पहिला हात आता बाजारापर्यंत पोचला आहे. दुसऱ्याचं काय?

शिंपिणीला दुसरं मशीन घ्यायला एक लाख फ्रँक हवे आहेत. युरोमध्ये हे दीडशेच्या आसपास. या आठ देशांत बँकेला १५ टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही, सूक्ष्म पतसंस्थेला २४ टक्क्यांहून जास्त नाही. लोकांची लूट होऊ नये म्हणून ही मर्यादा आहे, आणि हेतू चांगला आहे. पण बँकेच्या बाजूने पाहा. वर्षभराचं व्याज फार तर १५,००० फ्रँक. त्यात माणूस पाठवून दुकान पाहायचं, कागद करायचे, हप्ते वसूल करायचे. तारण म्हणून जमीन मागावी तर नोंदणी झालेला मालकी हक्काचा दाखला थोड्याच कुटुंबांकडे. जमीन घराण्याची, कागद कोणाच्याच नावावर नाही. २०१८ मध्ये नवा जमीन कायदा आला, पण दाखले कायद्याच्या वेगाने तयार होत नाहीत. बँक अधिकारी फाइल बंद करतो.

त्यापेक्षा त्याच्यासमोर सोपा पर्याय आहे: सरकारी रोखे. आठही सरकारं आपले रोखे एका सामाईक बाजारात विकतात, आणि गरज पडली तर बँक ते डाकारच्या मध्यवर्ती बँकेकडे गहाण ठेवून रोकड उचलू शकते. व्याज ठरलेलं, कटकट नाही. मग लोमेतल्या ठेवी कधी टोगोच्या, कधी नायजरच्या, कधी मालीच्या सरकारला कर्ज म्हणून जातात. त्यातून रस्ते आणि शाळा होतात, ते खरं. पण जोखीमही सामाईक होते. जानेवारी २०२२ मध्ये मालीवर निर्बंध लागले, मध्यवर्ती बँकेतली त्याची खाती गोठली, आणि त्याचे रोख्यांचे हप्ते थकले. जुलै २०२३ च्या उठावानंतर नायजरचं तेच झालं. शेजारच्या देशांतल्या बँकांचे पैसे तेवढा काळ अडकले. एक बोचरी गोष्टही उघड झाली: स्वतःची मध्यवर्ती बँक नसलेल्या देशाचा खजिना शेजारी मिळून बंद करू शकतात. माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या मोठ्या आर्थिक समुदायातून बाहेर पडले. सामाईक चलन मात्र तिघांनीही सोडलेलं नाही. रागावून घर सोडणं सोपं, चलन सोडणं फार महाग, हे त्यांनाही कळतं.

टोगोचेच अर्थतज्ज्ञ काको नुबुक्पो सीएफए फ्रँकचे कडवे टीकाकार आहेत. या विषयावरच्या लेखामुळे २०१७ मध्ये त्यांना फ्रेंच भाषिक देशांच्या संघटनेतलं पद गमवावं लागलं. जखडलेल्या, भारी चलनामुळे इथे आयात स्वस्त राहते आणि स्थानिक उद्योग उभे राहत नाहीत, असं त्यांच्यासारख्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण उद्या ‘टी’ अक्षराची नोट संपूर्णपणे टोगोची झाली, तरी शिंपिणीची फाइल बंद करणारा अधिकारी तोच असेल आणि तिच्या जमिनीचा कागद तसाच अपुरा असेल. तेव्हा टोगोच्या बँकांबद्दल कोणी काही सांगू लागलं, तर नोट कोणाची हे विचाराच, पण त्याआधी एक साधा आकडा मागा: बाजारातून वर्षभरात जमा झालेल्या शंभर फ्रँकांपैकी किती त्याच बाजाराला कर्ज म्हणून परत मिळाले? टोगोत आज त्याचं उत्तर ‘फार थोडे’ असंच आहे, आणि सुधारणा व्हायची तर ती इथून व्हायला हवी.